रकाना सातवा

सातव्या रकान्यात विचारलंय:
रसायनाशी पहिला संपर्क कधी आला?
दिवस, महिना, वर्ष.

मी पेन उघडून बसलेय.
आई खिडकीशी, गुडघ्यांवर शाल,
दंडावर मागच्या सोमवारच्या सुईचा जांभळा डाग,
अजून गेला नाही.

"लिही," म्हणते, "संत ज्वांवची रात्र.
चर्चमागच्या चौकात नाच होता.
तुझ्या बापानं हात पुढे केला,
नखांच्या कडांना वाळलेलं सोल्यूशन
आणि अंगाला एक गोडसर वास.
मला वाटलं, अत्तर लावून आलाय."

आई, हे असं चालत नाही.

"मग कारखाना लिही."

दिवसाला बुटांचे चारशे तळ.
ब्रश दिले होते, पण बोटाचं काम साफ येतं.
सेन्योर बेल्मीरु खिडक्या लावून घ्यायचा,
वाऱ्यानं सोल्यूशनवर साय धरते म्हणून.
तीनच्या सुमाराला डोकं हलकं व्हायचं,
बायका कशालाही हसायच्या.
एकदा आदोझिंदा हसता हसता रडायला लागली,
सगळ्यांनी ठरवलं, प्रेमात पडलीय.

ती गेली त्या वर्षी द्राक्षं चांगली आली होती.
मग एर्मेलिंदा गेली. मग तिची धाकटी.
वेगळ्या वर्षी, वेगळ्या इस्पितळात.
बोटं कुणी मोजली नाहीत,
बोटं कामात होती.

डब्यावर काही लिहिलेलं?
"होतं की. परक्या भाषेत.
आम्ही वजन तेवढं वाचायचो."

रिकामे डबे तिनं घरी आणले,
त्यांत जिरेनियम लावलं.
दोन जगली.

डॉक्टर 'बेंझीन' म्हणतात, आणि लगेच 'शक्यता'.
हाडांच्या आत, जिथं रक्त तयार होतं,
तिथं काय घडलं याला साक्षीदार नाही.
कंपनीचा वकील म्हणतो,
बाई धूम्रपान करत असतील.
आई म्हणते, लग्नात एकदा ओढली होती,
तीही लिही.

मी तारीख टाकते. कारखान्याची.

खाली अकरावा रकाना:
घरातील इतर व्यक्ती संपर्कात होत्या काय?

संध्याकाळी ती उरलेलं काम घरी आणायची,
स्वयंपाकघराच्या टेबलावर चामडं पसरायची.
मी पाच वर्षांची, टेबलाखाली.
वरून वाळलेल्या सोल्यूशनचे धागे पडायचे,
मी ते वळून चेंडू करायची.
काय उडायचे ते चेंडू!
एक तर दिव्याला लागला होता.

अकरावा मी कोरा ठेवते.
आई बघते. काही म्हणत नाही.

पाकीट बंद करायला मी डिंकाची बाटली शोधते.
"आण इकडे," ती म्हणते.
हात थरथरतोय. बोट थरथरत नाही.
एका ओढीत कडेपासून कडेपर्यंत,
बाहेर एक थेंब नाही.
मग अंगठ्यानं दाबून धरते,
मनात वीसपर्यंत मोजते,
आणि सवयीनं
बोट नाकाशी नेते.