रेघा

बाटलीवर रेघा असतात,
तीस, साठ, नव्वद.
माझ्या अंगावर एकही नाही.
कुठवर होतं, किती उतरलं,
काय सांगू आत्याबाईंना?
त्या रोज विचारतात, "पुरतंय न्हवं तिला?"
आणि अळिवाचा लाडू हातावर ठेवतात
दंड ठोठावल्यासारखा.

सात वर्षं मी गुजरीत चांदी तोलली.
पैंजणांची जोडी, बारशाचे वाळे.
काचेच्या पेटीतला काटा
फुंकरीनंसुद्धा हलायचा,
म्हणून श्वास धरून आकडा वाचायचे.
आता श्वास धरून ऐकते
गिळल्याचा आवाज.
एक. दोन.
मग नुसतंच चोखणं.
मग झोप,
मग वीस मिनिटांनी तोच टाहो,
जणू मधे मी काही दिलंच नव्हतं.

सुकुमार शिरोलीला, फौंड्रीत, रात्रपाळीला.
सकाळी येतो कानात भट्टी घेऊन,
पोर रडली तरी त्याला जाग येत नाही.
मला ती झोपली तरी येते.
झोपलीये की दमलीये?
पोट भरलंय, की मागून मागून
नाद सोडलाय तिनं?

वहीत लिहिते.
१.१० डावीकडे, आठ मिनिटं.
१.५० उजवीकडे.
२.३५ कुठं ते आठवत नाही.
त्याच वहीच्या मागच्या पानांवर
चांदीचे जुने भाव आहेत,
एकही खाडाखोड नाही.

धारोष्ण प्यायला लोक
बाहेरगावाहून येतात आमच्याकडं.
खिडकीखालून तालमीतली पोरं जातात गंगावेशीत,
म्हशीच्या कासेखाली पेला धरतात
आणि फेसाच्या मिशा लावून परत येतात.
मी खिडकी लावून घेते.
एवढ्या दुधाच्या गावात
मीच काय ती उधारीवर.

परवा पहाटे तिला खांद्यावर टाकून,
गाऊनवर शाल ओढून, उतरले खाली.
पावडरचा डबा आणणार होते,
कुणाला न सांगता.
मेडिकलचं शटर अजून खाली.
समोर हौसाक्का गवळण म्हशीशी भांडत होती.
"चोराय लागलीया बघा. फटफटी वाजली न्हवं आत्ता,
भ्यालीया."
पेले घेऊन चौघेजण ताटकळलेले.
म्हैस ढिम्म.
हौसाक्कानं रेडकू सोडलं.
त्यानं चार ढुसण्या दिल्या,
लाज नाही, हिशोब नाही.
मग बादलीच्या तळावर
पहिली धार वाजली

आणि माझा गाऊन भिजला.
दोन्हीकडून. शालीपर्यंत. भर रस्त्यात.
एका पैलवान पोरानं
पटकन मान वळवून
बंद शटरवरची पाटी वाचायला घेतली.
देव त्याचं भलं करो.
मी तिथंच पायरीवर बसले,
शालीच्या आत तिला घेतलं.
एक, दोन, तीन,
पुढं मोजायचं राहून गेलं.

शटर उघडल्यावर डबा मात्र घेतलाच.
फडताळात आहे, हळदीच्या मागं.
दोनदा उघडलाय. लपवत नाही आता.

दवाखान्यात शमशाद सिस्टरनं तिला
उघडं करून ताजव्यात ठेवलं.
आकडा थांबेपर्यंत मी जुन्या सवयीनं श्वास धरला.
तीन किलो सहाशे चाळीस.
दहा दिवसांत दोनशे चाळीस वाढली.
"दिवसाची सहा-सात दुपटी ओली होतात ना?
मग झालं तर."
"आणि झोप, सिस्टर?"
ती खो खो हसली.
"झोपेचा काटा नाही गं आमच्याकडं.
माझा धाकटा दीड वर्षाचा झाला तरी
रात्री दोनला गप्पा मारायचा."

काल रात्री पुन्हा २.३५.
पिऊन झालं तरी टक्क जागी,
पंख्याकडं बघत, कसलीच घाई नसल्यासारखी.
मी वही ओढली, पेन टेकवलं,
तर तिनं माझं बोट धरलं
आणि ओढलं, किंवा शिंकली,
अंधारात कळलं नाही.

सकाळी पाहिलं,
२.३५ च्या पुढं
पानभर एक वेडीवाकडी रेघ.
खाली माझंच अक्षर:
३.२० पुन्हा.