कोळशाला पॉलिश

एमलिन प्रॉसरच्या हाताखाली लागले तेव्हा मी एकोणीसची.
कार्डिफचा स्टुडिओ, पूर्वीचं चॅपेल;
दिवे तापले की तुळयांतून मेणाचा वास उतरायचा.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
पांढरं काही पांढरं रंगवायचं नाही,
कॅमेऱ्याचे डोळे दिपतात.
नर्सचे अ‍ॅप्रन आम्ही चहात बुडवायचो,
रक्ताला चॉकलेट,
आणि डोंगरावरचं हिरवं गवत
राखाडीच्या कितव्या डब्यात असतं
ते त्याला झोपेतही सांगता यायचं.

बुधवारी स्वयंपाकघर, शुक्रवारी न्यायालय.
भिंत तीच. कागद बदलला की खटला सुरू.
शनिवारी हातोडे.
जीव नाही तुटत? मी एकदा विचारलं.
खिळे सरळ करून ठेव, म्हणाला, सोमवारी लागतील.

मग खाणीचं नाटक आलं.
बापानं ऱ्होंडात चाळीस वर्षं जे खणलं
ते याला अकरा दिवसांत, प्लायवुडमध्ये.
खरा कोळसा पोत्यांनी मागवला.
दिव्यांखाली बघतो तर
नुसता काळोख, चित्राला पडलेलं भोक.
रात्रभर आम्ही दोघं
एकेक ढेकूळ मांडीवर घेऊन
बुटाच्या पॉलिशनं घासत बसलो.
पहाटे कोळसा
कोळशासारखा दिसायला लागला.

प्रक्षेपणाच्या रात्री म्हातारा टीव्हीसमोर, खोकत.
एमलिन पडद्याकडे बघतच नव्हता.
बायको रडली, छत कोसळलं, नावं वर सरकली,
त्यात याचंही, घाईत.
म्हातारा बराच वेळ गप्प. मग:
"पडण्याआधी लाकूड बोलतं, पोरा.
तुझं मुकंच मेलं."

त्यानंतर प्रत्येक सेटमध्ये
एक फळी तो मुद्दाम सैल ठेवायचा.
ध्वनिमुद्रक शिव्या घालायचे.

रंग आले तेव्हा दुकानात
हिरव्याच्या बरण्यांपुढे तासभर उभा होता,
रिकाम्या हातानं परतला.
खाणीच्या टेपवर कधीतरी
रग्बीचा सामना चढवला गेला.
ऐकून म्हणाला, जिंकलं कोण?

मला मात्र सवय जडली आहे,
कुणाच्याही घरी गेले की भिंत ठोकून बघते.
त्याच्याकडे शेवटची गेले तेव्हाही
नकळत बोटं वाजली.
आतून, किटलीच्या शिट्टीवरून, आवाज आला:
ती खरी आहे गं.
भाडं भरतो मी तिचं.