काचघरासाठी लाकूड

अंबडहून पोरगा आला, टॅबवर तीन रंग दाखवले:
पांढरा, राखाडी आणि एक ‘सागवान फिनिश’.
ॲल्युमिनियम घ्या मॅडम, वाळवी नाही, पॉलिश नाही,
एकदा बसवलं की विसरून जायचं.
मी त्याला चहा दिला.
विसरायला आमच्या घरी
वेगळं काही बसवावं लागत नाही.

मग द्वारकेच्या पुढे, वेलजीभाईंची वखार.
करवत थांबेपर्यंत बोलता येईना, उभे राहिलो.
तुझा उजवा हात खिशात, आताशा असतो तसा.
वेलजीभाईंनी फळीवर पाणी शिंपडलं,
रेषा वर आल्या.
हा पेठकडचा, लिलावातला.
हा बर्माचा म्हणून विकतात, मी नाही म्हणणार.
आणि हा जुना माल,
कुठल्याशा शाळेचा जिना होता.

एका टोकाला खिळ्याचं भोक,
भोवती लोखंडानं सोडलेला निळा-काळा डाग.
तू वाकलास. वास घेतलास.
चामडं, म्हणालास.
मग, नाही. जुनी वही. पावसात भिजून वाळलेली.
तीन महिन्यांत पहिल्यांदाच
एका शब्दावरून पुढच्यावर गेलास
मध्ये न थांबता.
वेलजीभाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही.

चांगदेव सुतार मखमलाबादहून आले होते, टेप घेऊन.
कुसू घालून सांधीन, म्हणाले, स्क्रू नको.
पावसाळ्यात दार फुगेल, खांदा लावायचा.
आणि वर्षाला जवसाचं तेल पाजायचं,
फडक्यानं नाही, तळहातानं,
लाकूड कोमट होईस्तोवर.

मी तुझ्याकडे पाहिलं नाही.
फिजिओथेरपीची मुलगी जो पिवळा चेंडू दाबायला देते
तो तू सोफ्याखाली सरकवतोस,
मी झाडताना रोज बाहेर काढते.

भाव मी दोनदा विचारला. दोन्ही वेळा तोच.
ॲल्युमिनियमच्या दुपटीहून वर.
आगाऊ किती, असं तूच म्हणालास.
‘खिळ्याचं टोक कापून टाकतो,’ वेलजीभाई म्हणाले,
आणि तू डावा हात पुढे केलास.

माल वाळायला दिवाळी उजाडेल.
तोवर माझे नेचे न्हाणीघरातच,
निफाडकडची थंडी इकडे वळायच्या आत
काचा बसल्या म्हणजे मिळवलं.

रिक्षात तुझ्या मांडीवर तो वीतभर तुकडा.
मुंबई नाक्याच्या सिग्नलला पाहिलं:
उजवा अंगठा भोकात,
फिरतोय, अडतोय, फिरतोय.
मी पटकन रस्त्याकडे बघितलं
आणि विचारलं, पूर्वेला गज लावायचे
की नुसती काच?

काच, म्हणालास.