कसं लागतंय?

लमाराच्या वहीत अख्खं तिबिलिसी आहे.
नदीपलीकडचा खाचापुरीवाला: चीज खारट, मालक गोड.
स्टेशनामागची बेकरी: पाव उत्तम, सुट्टे कधीच नसतात.
शेवटचा रकाना माझा. वर लिहिलंय, 'नुग्झारचं मत',
आणि त्याखाली चौतीस वर्षं
ठीक.
कित्ता.
कित्ता.

मी लिफ्ट दुरुस्त करायचो.
लिफ्टबद्दल विचारा, तासभर बोलेन.
ताटातलं पोटात गेलं
की माझ्यापुरता विषय संपला.

मागच्या फेब्रुवारीत तिला ताप आला,
आठ दिवसांनी उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला.
कॉफीचा, साबणाचा, माझ्या कोटाचा.
कोटाबद्दल तिची तक्रार नाही.
डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाही येणार.
एवढं सांगायचे चाळीस लारी.

वाटलं, शनिवार आता बंद.
शनिवारी सहाला ती दारात, लिपस्टिक लावून,
वही पर्समध्ये.
"चल. तू खा, मला सांग."

गुरामच्या तळघरात खिंकाली आली, वाफाळती,
दहा पुरचुंड्या, प्रत्येकीला शेंडी.
शेंडीला धरून उलटी करायची, बारीक चावा,
आधी आतला रस्सा ओढून घ्यायचा;
सांडला तर शेजारचं टेबल हसतं.
शेंड्या खायच्या नसतात. ताटातच ठेवायच्या,
म्हणजे कुणी किती हाणल्या याचा हिशेब राहतो.
तिनेही तीन खाल्ल्या,
फोन कानाला लावून पलीकडून कुणी बोलत नसावं
तसा चेहरा करून.
"कसं लागतंय?"
"ठीक."
तिने पेन खाली ठेवलं.
बस, एवढंच. पेन खाली ठेवलं.
तेराव्या मजल्यावर दोर कुरकुरला होता
तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

"थांब," म्हटलं. आणखी एक उचलली, डोळे मिटले.
"मिरी आहे. आधी कळत नाही,
मग जिन्यात मागून कुणी चढत यावं तशी येते."
पेन उचललं गेलं.
"आणि रस्सा?"
"कांदा. जिरं. ओठांवर चरबी लगेच थिजते.
तुझ्या आईच्या रश्श्यापेक्षा बरा."
"हे लिहू?"
"लिही."

परतताना झाइराची भट्टी.
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी; ती कमरेपर्यंत आत वाकते
आणि तापल्या भिंतीवर कणीक थापते,
प्रत्येक वेळी वाटतं, गेली.
वर येते ती लाल गालांनी, हातात होडीसारखी शोती.
कागदातून बोटं भाजतात.
टोक लमारानेच मोडायचं, हा नियम.
अख्खा पाव घरी पोचलेला मी पाहिलेला नाही.

"कुरकुरीत आहे," ती म्हणाली. "ऐकू येतं."
आणि उरलेला पाव माझ्या नाकाशी धरला.

खरपूस, हा शब्द आधी आला.
मग खमंग.
हे माझ्याकडे होते? कुठल्या खणात?
तळाशी आंबूस काहीतरी,
त्याच्याही खाली धूर, द्राक्षवेलीच्या काटक्यांचा.
"आणि ऐक, तुमच्या इमारतीत तू अडकली होतीस,
पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये,
मी पहारीने दार चार बोटं फाकवलं
तर आधी पावाचा वास बाहेर आला,
मग तुझा आवाज: किती वेळ लावता हो!
तो वास. तोच आहे."

ती दिव्याखाली उभी. हातमोजा दातात धरून लिहीत होती,
की नव्हती, मला दिसलं नाही.
मग नाक ओढलं, थंडी होती,
आणि विचारलं, "दहापैकी किती?"
"आठ. आज मीठ कमी पडलंय."

झाइराने खिडकीतून ऐकलं.
पुढच्या शनिवारी
दुसरी भट्टी शोधावी लागणार.