आपलंसं

ट्रॉम्सोहून पहिलं विमान अंधारातच सुटतं.
नोव्हेंबर सरत आलाय, सूर्य आता जानेवारीतच.
आज गोळी रक्त दिल्यानंतर, म्हणून डबी खिशात
आणि हात डबीवर.
शेजारी बोटीवरचा पोरगा घोरतोय,
त्याच्या बाहीला कॉड माशाचा वास.

तळवे खाजतायत.
महिनाभर ओडवारला सांगत होते, नवे लोकरीचे मोजे टोचतात.
त्यानं मोजे धुतले. दोनदा.
दोरीवर नीट चिमटे लावून वाळत घातले.
बोलला काहीच नाही.

ऑस्लोत डॉक्टर हेल्लेबूंनी खुर्ची जवळ ओढली.
खुर्ची ओढली की मला कळतं.
"हे नाकारणं नाही," त्या म्हणाल्या,
"जुनंच दुखणं आहे. परत आलंय."
नाकारणं नाही, हे त्यांनी असं सांगितलं
की मी जवळजवळ आभार मानले.

अकरा वर्षांपूर्वी आलं ते कुणाचं, कायदा सांगू देत नाही.
मीही त्याला माहेर विचारलं नाही.
पहिला महिना शरीर फुरंगटून बसलं होतं,
औषधांनी समजूत काढली,
मग नांदायला लागलं निमूट.
दर चौदा ऑगस्टला मी वाफल करते, एक जास्तीचं.
ओडवार ते खातो, न विचारता.

आता वाटतं, परकं होतं
तोवरच ते सुखात होतं.
आई माझी अशीच होती:
टपालवाल्याला निळ्या काठाच्या कपातून कॉफी,
आणि आम्हा पोरांना, बाई गं,
दाराशी बूट वाकडे दिसले तरी फटका.
तसंच कधीतरी, एखाद्या रात्री, मला न सांगता
माझ्या रक्तानं ठरवलं असणार
की हे आता घरचंच.
आणि घरच्यांशी ते जसं वागतं
तसं वागायला लागलं.

कुणाचं तरी काळीज होतं ते.
त्याला मी हे घर दाखवलं.

स्टेरॉइड वाढवलंय. चेहरा पुन्हा
चंद्रासारखा गोल होईल, डॉक्टरांनी बजावलं.
होऊ दे. आमच्याकडे दोन महिने
दुसरं उगवतंच काय.

परतीला ओडवार विमानतळावर उभा,
गाडी सुरू ठेवून, काचेवरचा बर्फ खरवडत.
मी बसले. पट्टा लावला.
बराच वेळ वायपरच बोलत होता.
मग पुलावर आल्यावर त्यानं विचारलं,
"मोजे नव्हते ना?"

"नव्हते."