मुका खांब

माग भंगारात गेला तो किलोवर गेला.
खासबागेतल्या पोरांनी पहारीनं बोल्ट उपटले,
टेम्पो भरला, आणि फरशीत राहिली
चार भोकं.
डिसेंबर लागला की वडगावात
धुकं आधी गल्लीत येतं, मग घरात.
आमच्या घरात ते खालून येतं,
या चार भोकांतून,
असं कमळव्वा म्हणते. बायको.
मी म्हणतो, धुकं म्हणजे काय उंदीर आहे?
पण पाय मीही आखडूनच बसतो.

हात मात्र ऐकत नाहीत.
सत्तावीस वर्षं तुटलेला धागा हेरायचा,
जोडायचा, बटण दाबायचं.
अजून झोपेत माझी बोटं
वाकळेच्या कडेला गाठ मारत असतात.
तिनंच सांगितलं शेजारच्या नीलव्वाला,
हसत, आणि थोडं न हसत.

दुसऱ्या दिवशी नीलव्वानं सुई आणून दिली.
आकड्याची, लाकडी,
तिच्या सासूच्या बोटांनी झिजवलेली.
सूत कुठनं आणू, विचारलं,
तर म्हणाली, घरात हळे बट्टे नाहीत काय ओ?

होते की.
काखेखालनं कापत जायचं,
बटाट्याचं साल काढावं तसं, गोल गोल, न तोडता.
मग पट्टी ओढली की ती
स्वतःतच गुंडाळते, थंडी वाजल्यागत.
निवडणुकीचे दोन टीशर्ट निघाले.
एक मराठीत मत मागणारा, एक कन्नडात.
कापताना दोन्हीकडची अक्षरं
आधी नुसती वेलांट्या झाली,
मग ठिपके,
मग गुंड्यात कुठं कुठं पांढरं काहीतरी.
चष्मा लावून बघितलं. नाही लागलं वाचायला.

भाओजींची पलटणीतली जर्सी उसवली,
तर लोकर सरळ होईना.
वीस वर्षं ज्या वळणात बसली
तेच वळण धरून. कुरळी. हट्टी.
भिजव आणि कुलूप बांधून टांग, नीलव्वा म्हणाली.
दोन दिवस अंगणात दोरीवर
ठिबकत लोंबत होती घरातली तिन्ही कुलपं.
पोरं जाता-येता विचारायची,
काका, किल्ली?

आधी साखळी. मग मुका खांब.
मुका का, तर त्याला उंची नसते.
टाका घेतो आणि तिथंच बसतो.
म्हटलं, म्हणजे माझ्यासारखा.
कमळव्वा भाकरी थापता थापता बोलली,
तुम्ही कुठले मुके,
रात्रभर बोटं बोलतात तुमची.

तीन हात झालं आणि सूत संपलं.
भोगीच्या दिवशी तिनं ट्रंकेतनं ती काढली,
कुंकवाच्या रंगाची.
माझ्याच मागावरची. मधोमध
दोन वीत नक्षी चुकलेली,
मालकानं नाकारलेली, मजुरीतनं कापलेली.
अठरा वर्षं नेसली तिनं
ती चूक निऱ्यांत दाबून.
आता घड्यांवर विरलेली, उजेड दिसेल इतकी.

कात्री माझ्याकडे होती.
चालेना.
तिनं कड दातांत धरली
आणि टर्रकन फाडली,
बाण्याच्या रेषेत, या काठापासून त्या काठापर्यंत,
एक सूत इकडं नाही, एक सूत तिकडं नाही.
सरळ फाटतंय, ती म्हणाली.
पुन्हा एक फाडली.
विणलेलं चांगलं होतं की.

मी सुई उचलली. धूर डोळ्यांत गेला होता,
चूल विझलेली असूनही.

आता पायपुसणं म्हणा, चटई म्हणा,
अंथरलंय मागाच्या जागी.
पहिले आठ दिवस कमळव्वा त्याला
वळसा घालून चालायची.
मग मांजर बसलं त्यावर, मग ती.
चुकलेली नक्षी कुठल्या फेऱ्यात गेली,
दोघांनी शोधली. सापडली नाही.

नीलव्वा बघून म्हणाली, साकु, बेस झालं.
साकु कसलं?
तीनच भोकं झाकली गेलीत.
चौथ्यावर सध्या तांब्या पालथा घातलाय.
जुनं काही असलं तुमच्याकडं,
फाटकं चालेल,
तर टाकू नका.