मळई

सदलग्याच्या खाली दूधगंगा सरळ वाहत नाही.
चोवीस वर्षं मोजणीची साखळी धरली मी,
सलग कोसभर सरळ अशी तिला कधी पाहिली नाही.

सुरुवात कशानं होते, मला विचाराल तर
काहीच नसतं. बाभळीचं एक मूळ,
म्हशी उतरून ढासळलेला हातभर काठ.
पाणी तिथं किंचित अंग चोरतं,
समोरच्या दरडीला खांदा लागतो,
आणि एकदा लागलेला खांदा नदी विसरत नाही.

बाहेरच्या अंगाला धाव, तिथं कापणं.
आतल्या अंगाला दम, तिथं ठेवणं.
वरचं पाणी दरडीवर झेपावतं तेव्हा
तळाचं मुकाट आत वळत असतं,
मुठीत उसुकु घेऊन.
उसुकु म्हणजे वाळू. शब्द हिरेमठसाहेबांचा,
माझ्या तोंडात बसला तो बसलाच.

आदगोंडाचं रान बाहेरच्या अंगाला.
दर पुराला एक-दोन सऱ्या ऊस
उभ्यानं पाण्यात.
सोळा गुंठे गेले.
सोळा गुंठ्यांपायी वीस वर्षं तो
पलीकडच्या काठाकडं डोळे वटारून बसला:
माझी माती त्यांनी खाल्ली.
पलीकडं दुसरं राज्य. बोट दाखवायला सोपं.

यंदा पुन्हा मोजणी लागली.
जुना नकाशा पसरला तर
हद्दीचा दगड नदीच्या मधोमध,
दोन पुरुष खोल.

मी म्हणालो, पाटील, माती सहसा नदी ओलांडत नाही.
ज्या काठाची, त्याच काठानं खाली जाते,
पुढच्या वळणाच्या कुशीत बसते.
चला, दाखवतो.

पुढच्या वळणावर पद्मव्वाची मळई.
पद्मव्वा त्याची थोरली बहीण.
आईच्या पाटल्यांवरून बोलणं बंद,
तेही वीस वर्षं.
पोयट्यात वांगी अशी, की देठाचे काटेसुद्धा मऊ.
तिनं आम्हाला पाहिलं, पदर खोचला,
विळा खाली ठेवला नाही.

आदगोंडानं वाकून मूठभर माती उचलली.
हुंगली.
बोटांत चोळली, तंबाखू पारखतात तशी.
बोलला नाही.
साहेबांनी विचारलं, काय लिहू?

पाटीभर वांगी बांधावर आली तेव्हा
मी साखळी गुंडाळत होतो.
पलीकडं दरडीचा एक तुकडा सुटला, धप्प,
आणि आम्ही चौघं
तिकडंच पाहत राहिलो,
कुणाचं गेलं, ते न विचारता.